बगळा, म्हैस आणि प्रकाशाचें माप

आषाढाचे दिवस आहेत. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांत धानाची रोवणी ऐन भरांत आली आहे. बांध्यांतून पोटरीइतकें पाणी उभें आहे, आणि पातळ ढगांनीं झांकलेलें, पण तरीहि डोळे दिपविणारें आभाळ त्या पाण्यांत जसेंच्या तसें उतरलें आहे. स्त्रिया ओळीनें ओणव्या होऊन पऱ्हे लावीत आहेत. धुऱ्याच्या कडेला एक म्हैस निवांत उभी आहे आणि तिच्या शेजारीं पाण्यांत एक पांढराशुभ्र बगळा ध्यान लावून बसल्यासारखा स्थिर आहे.

शहरांतून आलेला एक हौशी छायाचित्रकार हें दृश्य टिपण्यासाठीं कॅमेरा सरसावतो. त्याचा कॅमेरा चांगल्या जातीचा आहे. प्रकाश मोजण्याची सोय त्यांत आहे आणि त्या मोजमापावर मालकाचा पूर्ण विश्वास आहे. तो तीन छायाचित्रें घेतो. पहिल्यांत म्हशीनें सारी चौकट व्यापली आहे. बगळा कोपऱ्यांत तेवढा दिसतो. दुसऱ्यांत जवळून टिपलेला बगळा आणि त्याच्या मागें चकाकणारें पाणी, एवढेंच आहे. तिसऱ्यांत रोवणी करणाऱ्या स्त्रिया आहेत आणि त्यांच्या भोंवतीं आभाळानें भरलेली बांधी आहे. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तीं चित्रें उमटतात तेव्हां मात्र त्याचा विरस होतो. पहिल्या चित्रांत काळीभोर म्हैस राख फांसल्यासारखी करडी झाली आहे आणि बगळ्याच्या जागीं पिसांचा मागमूस नसलेला एक पांढरा डाग आहे. दुसऱ्या चित्रांत तोच बगळा मळक्या धोतरासारखा दिसतो. तिसऱ्यांत पाण्यांतल्या ढगांची घडी न् घडी उमटली आहे, पण स्त्रियांचे चेहरे काजळासारखे काळे झाले आहेत. एवढ्यांत ओळींतली एक प्रौढ स्त्री कंबर सरळ करून धुऱ्यापाशीं येते आणि आपला फोटो पाहूं मागते. पडद्यावर क्षणभर नजर ठेवून ती हंसत विचारते, "यांत मी कोठं आहो जी?"

प्रश्न हंसत विचारला असला, तरी त्याचें उत्तर त्या छायाचित्रकारापाशीं नाहीं. कॅमेरा बिघडला असावा, अशी शंका प्रथम त्याच्या मनांत येते. परंतु कॅमेरा बिघडलेला नाहीं. तिन्ही वेळां त्यानें प्रकाश अचूक मोजला, आणि तिन्ही वेळां चित्र चुकलें. माप बरोबर आणि चित्र चूक, असें कसें होतें, हें ज्याला समजलें त्याला छायाचित्रणाचें अर्धें मर्म समजलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

प्रथम एक्स्पोजर म्हणजे काय, तें पाहिलें पाहिजे. कॅमेऱ्याच्या भिंगांतून येणारा प्रकाश आंतल्या फिल्मवर, किंवा आजच्या कॅमेऱ्यांत प्रकाशसंवेदक पट्टीवर, पडतो. तो किती पडावा हें दोन गोष्टींवर ठरतें: भिंगाचें छिद्र किती उघडें आहे आणि शटर किती वेळ उघडें राहतें. तिसरी गोष्ट म्हणजे त्या फिल्मची अथवा पट्टीची संवेदनशीलता. हें समजावयास गोंदिया-भंडाऱ्याकडचा शेतकरी दूर जाणार नाहीं. हा सारा प्रदेश तलावांचा आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं येथें शेंकडों तलाव बांधले, आणि त्या तलावांचें पाणी ज्या दारांतून शेतांत सोडतात त्याला या भागांत तुडूम म्हणतात. बांधी भरावयाची तर तुडुमाचें तोंड थोडें उघडून पुष्कळ वेळ पाणी सोडतां येतें, किंवा तोंड मोठें उघडून थोडाच वेळ सोडतां येतें; बांधींत पाणी तितकेंच येतें. जमीन अगोदर भिजलेली असेल तर थोड्या पाण्यांतहि काम भागतें, कोरडी असेल तर अधिक लागतें. भिंगाचें छिद्र म्हणजे तुडुमाचें तोंड, शटर म्हणजे तें उघडें ठेवण्याचा वेळ, आणि संवेदनशीलता म्हणजे जमिनीची ओल.

छायाचित्रकार हा हिशेब दुपटीच्या पायऱ्यांनीं करतो. भिंगावरचे १६, ११, ८, ५·६, ४, २·८ हे छिद्रांक घेतले, तर आंकडा जसजसा उतरतो तसतसें छिद्र मोठें होतें आणि प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट होतो. शटरचा वेळ एका सेकंदाच्या अडीचशाव्या भागावरून सव्वाशाव्या भागावर आणला, तरीहि प्रकाश दुप्पटच. म्हणून एकीकडे एक पायरी वाढवून दुसरीकडे एक पायरी कमी केली, तर एकूण प्रकाशांत फरक पडत नाहीं. बांधी तुडुंब भरून धुऱ्यावरून पाणी वाहूं लागलें म्हणजे जसें पीक बुडतें, तसें अति प्रकाशानें चित्रांतील उजळ भाग धुवून जातात. पाणी अपुरें पडलें तर जसें शेत करपतें, तसे अपुऱ्या प्रकाशांत छायेंतील भाग काळोखांत गडप होतात.

आतां प्रश्न उरतो, किती प्रकाश आहे हें ओळखावयाचें कसें? माणसाचा डोळा या कामीं मोठा फसवा आहे. भर दुपारच्या उन्हांत सुमारें एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. घरांत दिव्याखालीं तो दोन-तीनशें लक्सच असतो. म्हणजे फरक कित्येक शें पटींचा. तरी ओसरींतून माजघरांत गेलेल्या माणसाला क्षण-दोन क्षणांत सारें नीट दिसूं लागतें, कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो आणि घेतलें हें सांगतहि नाहीं. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकहि त्या कलेंत शिरले. त्या काळीं प्रकाशमापक यंत्र नव्हतेंच. भिंगावरचें झांकण काढावयाचें, मनांत सेकंद मोजावयाचे आणि झांकण पुन्हा बसवावयाचें. किती मोजावयाचें हें अनुभवानें ठरे. पुढें फिल्मच्या खोक्यांतून लहानशीं कोष्टकें येऊं लागलीं: ऊन असेल तर अमुक, ढग असतील तर तमुक. त्यांतलाच एक नियम आजहि उपयोगी पडतो. भर उन्हांत छिद्रांक १६ ठेवावा आणि फिल्मची संवेदनशीलता १०० असेल तर शटरला सेकंदाचा शंभरावा भाग द्यावा.

१९३२ सालीं अमेरिकेंतील वेस्टन कंपनीनें छायाचित्रकारांसाठीं विजेवर चालणारा प्रकाशमापक बाजारांत आणला. त्यांत सेलेनियमचा घट होता. त्यावर प्रकाश पडला कीं अत्यल्प वीज निर्माण होई आणि तिच्या बळावर कांटा हाले. १९६३ मध्यें जपानच्या टॉपकॉन कॅमेऱ्यांत प्रत्यक्ष भिंगांतून आलेला प्रकाश मोजण्याची सोय झाली, आणि १९८३ च्या निकॉन एफ. ए. या कॅमेऱ्यानें चौकटीचे पांच भाग पाडून त्यांची परस्परांशीं तुलना करण्यास आरंभ केला. आज खिशांतल्या मोबाइल फोनमध्येंहि याहून कितीतरी सूक्ष्म मोजमाप होतें. इतकी प्रगति होऊनहि धुऱ्यावरची म्हैस करडी व्हावी, याचें कारण यंत्राच्या दोषांत नसून त्याच्या एका गृहीतांत आहे.

कॅमेऱ्यांतला प्रकाशमापक वस्तूवर पडणारा प्रकाश मोजीत नाहीं. वस्तूवरून परतून आलेला प्रकाश मोजतो. आणि येथेंच गोम आहे. वस्तूकडून थोडा प्रकाश आला, तर त्याचे दोन अर्थ संभवतात: एक तर तेथें उजेडच कमी आहे, किंवा उजेड भरपूर आहे पण वस्तूच काळी आहे. यंत्राला हा भेद कळण्याची सोय नाहीं. म्हणून तें बनविणाऱ्यांनीं एक सरासरी मानली. जगांतलें काळें, पांढरें, हिरवें, तांबडें सारें एकत्र कालवलें तर जो मधला करडा रंग होईल, तोच समोर आहे असें यंत्रानें समजावें. हा करडा रंग अंगावर पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें १८ टक्के परत पाठवितो, असें मानण्याचा प्रघात आहे. कांहीं यंत्रांचें माप १२-१३ टक्क्यांच्या आसपासहि ठरविलेलें असतें. पन्नास टक्के न धरतां अठराच कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर डोळ्याच्या घडणींत आहे. अठरा टक्के प्रकाश परतविणारा कागदच माणसाच्या डोळ्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्यावरचा वाटतो.

आतां त्या तीन चित्रांचा उलगडा सहज होतो. स्वच्छ पांढरा कागद सुमारें ९० टक्के प्रकाश परतवितो. अठराचे छत्तीस, छत्तिसांचे बहात्तर, म्हणजे तो मधल्या करड्याहून दोन पायऱ्यांपेक्षां थोडा अधिकच वर आहे. काळें कापड चार-पांच टक्केच परतवितें. अठराचे नऊ, नवांचे साडेचार, म्हणजे तें दोन पायऱ्या खालीं आहे. बगळा पहिल्या जातीचा आणि म्हैस दुसऱ्या. चौकटभर म्हैस दिसल्याबरोबर यंत्रानें निदान केलें कीं उजेड फार थोडा आहे, आणि प्रकाश चौपट आंत घेतला. म्हैस करडी झाली, आणि मुळांतच शुभ्र असलेला बगळा त्या चौपट प्रकाशांत धुवून गेला. चौकटभर बगळा व पाणी दिसल्यावर यंत्रानें उलट समजूत करून घेतली, प्रकाश रोखला, आणि बगळा मळकट केला. रोवणीच्या चित्रांत चौकटीचा बहुतेक भाग चकाकत्या पाण्यानें व्यापला होता. यंत्रानें पाण्याची सोय पाहिली. त्यांत स्त्रियांचे चेहरे हरवले. यंत्राला आभाळ दिसलें, माणूस दिसला नाहीं.

यावरून एक नियम निघतो आणि तो प्रथमदर्शनीं उलटा वाटतो. पांढऱ्या वस्तूला अधिक प्रकाश द्यावा, काळ्या वस्तूला कमी. बहुतेक कॅमेऱ्यांवर अधिक-उणें अशा चिन्हांची एक कळ किंवा चकती असते. यंत्रानें ठरविलेल्या मापांत आपल्या बुद्धीनें भर घालण्यासाठीं अथवा वजाबाकी करण्यासाठीं ती ठेवलेली असते. बगळ्यासाठीं ती अधिक दीड-दोनवर न्यावी, म्हशीसाठीं उणें दीडवर. मोबाइल फोनच्या पडद्यावर ज्या वस्तूला महत्त्व आहे तिच्यावर बोट टेकवावें, म्हणजे माप तेथलें घेतलें जातें. पुष्कळ फोनमध्यें शेजारीं लहानसा सूर्य दिसतो, तो वर-खालीं सरकवून उजेड कमी-जास्त करतां येतो. घरोघरीं हातांत असलेल्या यंत्राची ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रकाश मोजण्याच्या पद्धतिहि कॅमेऱ्यांत निवडतां येतात. एका पद्धतींत चौकटीच्या मध्यभागाला अधिक वजन दिलें जातें आणि कडांना कमी. दुसरींत, जिला स्पॉट मीटरिंग म्हणतात, चौकटीचा दोन-चार टक्के एवढाच ठिपका मोजला जातो. तिसरींत सारी चौकट लहान लहान भागांत विभागून, त्यांची रचना पाहून, हें दृश्य कोणत्या जातीचें असावें याचा तर्क केला जातो. नव्या कॅमेऱ्यांना माणसाचा चेहराहि ओळखतां येतो. ही तिसरी पद्धति दहापैकीं आठ वेळां उत्तम काम देते. परंतु तिनें काय तर्क केला हें ती सांगत नाहीं, म्हणून ती चुकली तर किती चुकली हेंहि चटकन् कळत नाहीं. ठिपक्याची पद्धति अडाणी पण सरळ आहे. जेथें रोखावी तेथलेंच माप ती देते. ती वस्तु करड्याच्या वर किती आणि खालीं किती, हें माणसानें ठरवावयाचें.

अर्जुनी मोरगांव तालुक्यांतच नवेगांव बांध आहे. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळें हें नांव मराठी वाचकाला घरच्यासारखें झालें आहे. हिंवाळ्याच्या पहांटे अशा तलावावर धुकें उतरतें. धुकें जवळ जवळ पांढरें. यंत्राला मात्र तें करडें असावें असें वाटतें, आणि म्हणून धुक्याचीं चित्रें पुष्कळदां पावसाळी सांजेसारखीं उदास निघतात. एक पायरी प्रकाश वाढविला कीं धुक्याला त्याचा दुधाळपणा परत मिळतो.

याच जिल्ह्यांत धुक्याच्या पडद्यापुढें कधीं कधीं सारसांची जोडी उभी असते. महाराष्ट्रांत सारस मुख्यतः गोंदिया आणि भंडारा या भागांतच उरला आहे. धानाच्या बांधींतच तो घरटें करतो आणि शेतकऱ्याच्या शेजारानें राहतो. सारसाच्या अंगाचा रंग फिका करडा, म्हणजे प्रकाशमापकाला मानवणारा. पण त्याच्या डोक्या-मानेवरची उघडी तांबडी कातडी अति प्रकाशानें चटकन् बिघडते. तांबडा रंग सपाट होतो आणि त्यांतले बारकावे जातात. हें केवळ सौंदर्याचें नुकसान नव्हे. सारसाच्या पिलाचें डोकें व मान दालचिनीच्या रंगाच्या पिसांनीं झांकलेली असते, आणि वाढ झालेल्या पक्ष्याची तांबडी असते. सारसांची गणना होते तेव्हां दूरवरून घेतलेल्या चित्रावरून हा भेद ओळखावा लागला, तर चुकीच्या एक्स्पोजरचें चित्र कुचकामाचें ठरतें. ज्या पक्ष्यांची संख्या आधींच थोडी आहे, त्यांत या वर्षीं नवें पिलूं वाढलें कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर अशा एका पायरीवर अवलंबून राहूं शकतें.

नागझिऱ्याच्या जंगलांत याच्या उलट प्रसंग येतो. सांज होत आली आहे, गर्द सांवलींतून अस्वल बाहेर पडतें. काळें अस्वल आणि काळी सांवली पाहून यंत्र घाबरतें, शटर पुष्कळ वेळ उघडें ठेवतें, आणि चित्रांत उमटतो तो धुरकट करड्या रंगाचा, हललेला एक गोळा. येथें दीड पायरी कमी केली तर दुहेरी लाभ होतो. अस्वल काळें राहतें, छातीवरची पांढरी खूण उठून दिसते, आणि शटर जलद झाल्यामुळें चित्र हलत नाहीं.

दृश्यांत उजेड आणि सांवली यांतलें अंतर फार असेल, तर दोन्ही एका चित्रांत सामावत नाहींत, हेंहि लक्षांत ठेवलें पाहिजे. स्लाइडची रंगीत फिल्म पांच-सहा पायऱ्यांचेंच अंतर पेलत असे. आजच्या चांगल्या कॅमेऱ्याची पट्टी बारा-चौदा पायऱ्या पेलते. निगेटिव्ह फिल्मवर काम करणारे छायेकडे पाहून माप घेत, कारण छायेंत जें उमटलें नाहीं तें पुढें कोणत्याहि रसायनानें उमटत नसे. डिजिटल कॅमेऱ्यांत हा न्याय उलटा आहे. तेथें उजळ भाग एकदां मर्यादेपलीकडे गेला कीं तो कायमचा गेला, छाया मात्र कांहीं अंशीं उजळतां येते. यासाठींच कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिस्टोग्राम नांवाचा आलेख दिसण्याची सोय असते. डाव्या बाजूस काळें, उजव्या बाजूस पांढरें. त्या आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीवर आदळून कापला गेला असेल, तर बगळ्याचीं पिसें गेलीं असें समजावें. भर उन्हांत पडद्यावरचें चित्र नीट दिसत नाहीं. आलेख मात्र खोटें बोलत नाहीं.

समोरची वस्तु ठाऊक असली म्हणजे यंत्रावांचूनहि कसें निभावतें, याची एक गोष्ट छायाचित्रणाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेचा नामांकित छायाचित्रकार ॲन्सेल ॲडॅम्स १९४१ सालीं न्यू मेक्सिको प्रांतांत मोटारीनें जात असतां हर्नांडेझ नांवाच्या खेड्यावर चंद्र उगवलेला त्याला दिसला. मावळत्या सूर्याचे शेवटचे किरण स्मशानांतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडले होते. त्यानें घाईनें आपला मोठा कॅमेरा उभा केला. पण प्रकाशमापक कांहीं केल्या सांपडेना. किरण तर निसटत चालले होते. तेव्हां त्याला आठवलें कीं चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला अडीचशें मेणबत्त्यांइतकी असते. चंद्र चित्रांत किती उजळ हवा हें त्यानें मनाशीं ठरविलें, त्यावरून हिशेब केला आणि एक चित्र घेतलें. दुसरें घेण्याची तयारी होईपर्यंत क्रुसांवरचें ऊन गेलें होतें. तें एकच चित्र जगभर गाजलें. प्रत्येक छटेला पायरीचा क्रमांक देऊन आधींच विचार करण्याची पद्धति त्यानें फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर बसविली होती. म्हणून मापक हरवला तरी माप हरवलें नाहीं.

आतां पुन्हा बांधीकडे वळावयाचें, कारण त्या स्त्रीच्या प्रश्नाचें उत्तर अद्याप राहिलें आहे. छायाचित्रकारानें ठिपक्याची पद्धति निवडून तो ठिपका सरळ तिच्या चेहऱ्यावर रोखला तर? चेहरा काळा पडणार नाहीं, हें खरें. परंतु उन्हापावसांत राबलेल्या त्या सांवळ्या चेहऱ्याला यंत्र आपल्या मधल्या करड्याच्या पायरीवर आणून ठेवील, म्हणजे आहे त्याहून पायरीभर उजळ करील. पहिल्या चित्रांत ती नाहींशी झाली होती. या चित्रांत तिच्या जागीं दुसरीच कोणी येईल. शहरांतल्या सुशिक्षित घरांना हा दुसरा प्रकार अनोळखी नाहीं. लग्नाचें स्थळ पाहतांना पाठवावयाचा मुलीचा फोटो स्टुडिओंतून उजळून आणावयाचा, ही चाल अनेक पिढ्या चालत आली आहे. पाश्चात्य देशांतहि रंगीत छपाईचें प्रमाण ठरविण्यासाठीं अनेक वर्षें एका गोऱ्या स्त्रीच्या चित्राचें कार्ड वापरीत. त्या मापानें छापल्यावर सांवळ्या माणसांचे चेहरे बिघडत, आणि ही उणीव दूर करण्यास फार उशीर लागला. काळवंडलेला चेहरा आणि उजळविलेला चेहरा, दोन्ही सारखेच खोटे. एकांत निष्काळजीपणा आहे, दुसऱ्यांत खुशामत.

खरें माप मिळविण्याची युक्ति मात्र फार साधी आहे, आणि तिला पैसा पडत नाहीं. माणसाचा चेहरा गोरा असो वा काळा, तळहाताचा रंग पुष्कळसा सारखा असतो. तळहात मधल्या करड्याहून सुमारें एक पायरी उजळ आहे. ज्या उजेडांत माणूस उभा आहे त्याच उजेडांत तळहात धरावा, त्यावरून माप घ्यावें, आणि एक पायरी प्रकाश वाढवावा. अशानें वस्तूच्या रंगाचा संबंधच उरत नाहीं. पडणाऱ्या उजेडाचेंच माप मिळतें. मग काळें काळें राहतें, पांढरें पांढरें राहतें, आणि सांवळें सांवळें.

छायाचित्रकार त्या स्त्रीला म्हणतो, "बाई, जरा हात पुढें करतां?" ती चिखलाचा हात बांधीच्या पाण्यांत धुते, पदराला पुसते आणि तळवा पुढें धरते. तो माप घेतो, एक पायरी वाढवितो, आणि चौथें चित्र घेतो. या वेळीं पाण्यांतलें आभाळ पांढरें फटक निघालें आहे. ढगांची एकहि घडी त्यांत उरलेली नाहीं. तेवढें त्यानें जाणून सोडलें आहे, कारण सारें एका चित्रांत मावणार नव्हतें आणि कशाला जागा द्यावयाची हें ठरविणें त्याच्याच हातीं होतें. पण कपाळावरचें कुंकू दिसतें आहे, भुंवईवर थबकलेला पाण्याचा थेंब दिसतो आहे, हंसतांना डोळ्यांच्या कडेला पडलेल्या सुरकुत्या दिसत आहेत.

ती पडद्याकडे वांकून पाहते. ओळींतल्या बाकीच्या स्त्रियांना ती हांक मारून बोलावते, आणि त्या चिखलाचे पाय उचलीत एकेक करून येतात. पाहतां पाहतां पांच-सात तळहात त्याच्यापुढें धरले जातात.